पाठीमागे धरलेले हात

ताई बोलायला उभ्या राहिल्या की आधी माईक स्वतःकडे ओढून घ्यायच्या आणि मग उजव्या हाताचा तळवा सभेला दाखवायच्या. आधी डावीकडच्या बायांना, मग मधल्यांना, मग उजवीकडच्यांना. कुणी राहिलं नाही ना याची खात्री झाली की म्हणायच्या, "मी शिकलेली नाही हो. मी सोसलेली आहे."

तुम्ही नागपुरात महिला मंडळाच्या नाहीतर बचत गटाच्या एखाद्या कार्यक्रमाला गेला असाल, तर तो तळवा तुम्हीही पाहिला असेल. मागच्या रांगेतून पाहिला असेल तर फारच छान, कारण मागून तो होरपळलेला दिसायचा. मी जवळून पाहिला आहे. अंगठ्याच्या खाली एक जुना डाग होता, तो कुकरच्या वाफेचा. बाकी तळवा चांगला मऊ होता. आणि न शिकलेल्या ताई बी.कॉम. होत्या. त्यांच्या पदवीचं प्रमाणपत्र ऑफिसच्या दाराच्या मागे फ्रेम करून लावलेलं होतं. भाषणं सुरू झाल्यावर ते कपाटात गेलं.

ताईंचा मसाल्याचा कारखाना लकडगंजात होता. कारखाना म्हणजे दोन लाकडाच्या वखारींमधली एक लांबट शेड, तिच्यात मिरची कांडायची दोन यंत्रं आणि पाकिटं भरायची टेबलं. एका बाजूनं सागाचा भुसा उडायचा, दुसऱ्या बाजूनं तिखट. शेजारचे वखारवाले ताईंना पाहिलं की आधी शिंकायचे आणि मग नमस्कार करायचे. ताई म्हणायच्या, "माझ्याइतका मान कुणालाच नाही बाप्पा, माणसं दुरूनच सलामी देतात."

मी त्यांच्याकडे लागले ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. मी मिरचीच्या भिवापूरची. सकाळी कॉलेज, दुपारपासून कारखाना. मला काम मिळालं ते माझ्या कानामुळे. वाळलेली मिरची कानाजवळ धरून हलवली की आतलं बी वाजतं, आणि कसं वाजतं त्यावरून माल कोरडा आहे की वजन वाढवायला पाणी मारलेलं आहे ते कळतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझी आई मिरचीच्याच कामावर होती, मी तिच्या आजूबाजूला खेळत मोठी झाले, एवढंच.

मग आम्ही दोघी इतवारीत माल घ्यायला जायचो. हातगाड्यांच्या गर्दीतून ताई पुढे आणि मी पिशवी धरून मागे. व्यापारी भाव सांगायचा, ताई माझ्याकडे पाहायच्या, मी मिरची कानाशी धरायची. एकदा एका शेटजीनं हसून विचारलं, की पोरगी मिरचीला फोन लावून राहिली का. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "हो. आणि मिरची म्हणून राहिली की काल संध्याकाळीच आंघोळ झाली." दुकानातले हमालसुद्धा हसले. शेटजीनं दुसरं पोतं उघडलं. त्या दिवशी परत येताना ताईंनी मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. मी चांगली अठरा वर्षांची होते.

त्यांच्या मायेबद्दल मला खोटं बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. मी ज्या मावशीकडे राहायचे तिच्या घरी लग्न होतं, पाहुण्यांनी घर भरलेलं. ताईंनी मला स्वतःच्या घरी नेलं आणि मुलाच्या खोलीत ठेवलं. मुलगा तेव्हा पुण्याला शिकत होता. तीन आठवडे त्यांनी मला मुगाची खिचडी भरवली. औषधाच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या आणि एकही चुकली नाही. आई भिवापूरहून भेटायला आली तेव्हा ताईंनी तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. आईच्या ते कायमचं मनात राहिलं. पुढे कितीतरी वर्षं ती म्हणायची, की त्या बाईनं मले खाली नाही बसू देलं.

आता ती दुपार सांगते. त्याच वर्षीचा मे महिना होता, लाइन गेलेली, यंत्रं बंद. बाया जेवायला घरी गेल्या होत्या. आम्ही दोघी रिकाम्या पोत्यांवर बसलो होतो आणि ताई पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. काही कारण नसताना त्या एकदम म्हणाल्या, की त्यांचा नवरा नऊ वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

ते सरकारी कचेरीत होते. खात्याची परीक्षा दिली, नापास झाले. घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई हसल्या. वाईट मनानं नाही, त्यांनी जसं तोंड केलं होतं ते पाहून हसू आलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी मुलाला सांगायचे, आईला म्हण मीठ दे. मुलगा सहामाही परीक्षेनंतर मामाकडे गेला तर आठ दिवस बिनमिठाचं जेवले. नऊ वर्षांनी हृदयविकारानं गेले ते तसेच गेले. "दवाखान्यात मी उशाशी बसली होती," ताई म्हणाल्या. "त्यांनी नर्सला सांगितलं, यांना म्हणा घरी जा."

मग ताई म्हणाल्या, "हे मी कुणाला सांगू? मारत नव्हते, पीत नव्हते. नुसते बोलत नव्हते. हे ऐकून कोणी माझ्यासाठी रडणार आहे का?"

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. आज लिहिते आहे, आणि त्यात थोडा सूड आहे हे मला ठाऊक आहे.

त्या दुपारी मात्र सूड वगैरे काही नव्हतं. समोर एक बाई आपलं मन उघडं करून बसली होती आणि मला तिला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट होती. मी ती दिली.

मिरचीचे देठ खुडायची जी जागा असते, तिला आमच्याकडे सातरा म्हणतात. उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत भिवापूरच्या सातऱ्यांवर बाया दिवसभर ओळीनं बसतात आणि देठ खुडतात. हात इतके जळतात की ताकात बुडवले, राख लावली, तेल चोळलं तरी आग जात नाही. मी चार महिन्यांची असताना आई सातऱ्यावर बसायची. बाबांना तेव्हा काम नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं हात चांगले चार वेळा धुतले आणि मला दूध पाजायला घेतलं. तिचे हात लागले तिथं माझं अंग लाल झालं. मी अशी रडले की सातरा थांबला. तेव्हापासून मला पाजायची वेळ झाली की शेजारची बाई, जिनं अजून मिरचीला हात लावला नसेल अशी, मला उचलून आईच्या छातीशी धरायची. आई स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून बसायची. पूर्ण हंगाम तिनं मला हातात घेतलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग तिला ती सवयच लागली. लहान मूल जवळ आलं की आईचे हात आपोआप मागे जायचे.

मी लहानपणी फार चिडायचे. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया त्यांना जवळ ओढायच्या, वेण्या घालता घालता गालाला हात लावायच्या. माझी आई लांब उभी राहून विचारायची, जेवली का. मला वाटायचं, मी हिला नको होते. बारावी झाल्यावर नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी ते तोंडावर बोलले. तेव्हा तिनं मला हे सातऱ्याचं सांगितलं. निवडायला घेतलेले तांदूळ तिच्या मांडीवर होते आणि सांगताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

मी कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं, असं म्हटलं तर तुम्हाला मोठं वाटेल. पण तसंच झालं. सतरा वर्षं मी नको असलेली पोरगी होते आणि एका संध्याकाळी हवी असलेली झाले. नागपुरात मी जे धीरानं राहिले, इंग्रजीतून पेपर लिहिले, इतवारीतल्या व्यापाऱ्यांसमोर नाही म्हणायला शिकले, ते सगळं त्या गोष्टीच्या जोरावर.

ताईंनी सगळं ऐकलं. पुठ्ठा थांबला होता. मग त्यांनी माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्या रडल्या. लाइन आली, यंत्रं सुरू झाली, तरी आम्ही उठलो नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ताईंना पहिल्यांदा एका महिला मंडळानं भाषणाला बोलावलं. विषय यशस्वी उद्योजिका. ताईंनी कारखाना कसा उभा केला ते सांगितलं, कर्जाचे अर्ज, परवाने, यंत्रांची निवड. समोरच्या बाया बशीतला चिवडा खात होत्या. एकीनं मध्येच विचारलं की हळद किलोवर मिळते का. येताना रिक्षात ताई फार पडेल आवाजात म्हणाल्या, "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच नाही गं." मी म्हटलं, आहे ताई, कितीतरी आहे. मला काय माहीत त्या कुठं शोधतील.

दुसरं भाषण दिवाळीनंतर होतं. मी तिसऱ्या रांगेत नमुन्याच्या पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ताई उभ्या राहिल्या आणि काही न बोलता तळवा दाखवला. मग म्हणाल्या, "भिवापूरच्या सातऱ्यावर एक बाई बसायची. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं."

मी दचकले आणि लगेच मला आनंद झाला. माझ्या आईबद्दल बोलून राहिल्या. एवढ्या मोठ्या सभेत, माईकवर, माझी आई. आता त्या माझ्याकडे बोट करतील, म्हणतील ते बाळ इथं बसलं आहे, म्हणून मी ओढणी नीट केली. ताईंनी सगळं सांगितलं. चार वेळा धुतलेले हात, लाल झालेलं अंग, शेजारीण, पाठीमागे धरलेले हात. बायांचे पदर डोळ्यांना लागले. चिवड्याची बशी कुणी हातात घेतली नाही.

मग ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "ती बाई मी होते."

टाळ्यांचा आवाज झाला. मीही वाजवल्या. का वाजवल्या ते आजही सांगता येत नाही. सगळे वाजवत होते आणि माझे हातही चालू झाले. पिशवी मांडीवरून खाली पडली, पाकिटं खुर्च्यांखाली गेली, आणि मी ती गोळा करायच्या निमित्तानं बराच वेळ खाली वाकून राहिले.

ताईंचं खोटं पकडणं सोपं नव्हतं. लग्नानंतर त्यांच्या नवऱ्याची बदली खरंच दोन वर्षं भिवापूरला होती. मुलगा तिथंच झाला. एका कारकुनाच्या घरची सून सातऱ्यावर बसली असेल का, हा प्रश्न भिवापूरच्या बायांनी विचारला असता. पण भिवापूरच्या बायांना त्या सभांना कोण बोलावणार होतं.

रिक्षात ताईंनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, छान झालं. मग म्हणाल्या, बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, पुढच्या वेळी नाही. पुढच्या वेळी बाळाला तापही होता. त्याच्या पुढच्या वेळी सासूनं घराबाहेर काढलं होतं. ताईंची सासू, मी पाहिली आहे, अंगणातल्या मांजरीलासुद्धा बाहेर काढू शकत नव्हती. भाषणाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले. बाया कारखान्यात भेटायला यायच्या, ताईंचा तळवा हातात घ्यायच्या आणि त्याला डोळे लावायच्या. ताईंना कुकरची वाफ आठवत असेल की नाही कोण जाणे.

मी तिखटाच्या पाकिटांना चिठ्ठ्या लावत होते. रागानं माझं जेवण कमी झालं होतं आणि तरी रोज दुपारी मी त्या शेडमध्ये जात होते. कुणी आपल्याला फसवतं तेव्हा आपण लगेच तोडून टाकतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ज्यांनी खिचडी भरवली त्यांच्यावर चिडायलासुद्धा आधी खूप ताकद लागते.

ती ताकद मला एका मैत्रिणीमुळे आली. शेवटच्या वर्षाला मी मावशीकडून होस्टेलवर राहायला गेले होते; तिथल्या गच्चीवर आम्ही चौघीपाचजणी बसलो होतो, घरच्या गोष्टी चालल्या होत्या. मी आईची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच एकजण हसली. म्हणाली, हे तर तुझ्या ताईंचं आहे ना, मी व्हिडिओ पाहिला आहे. मग जरा सांभाळून घेत म्हणाली, की असू दे, चांगल्या माणसासोबत राहिलं की त्यांचं आपल्याला आपलंच वाटायला लागतं.

मी पुढचं सांगितलं नाही. माझी गोष्ट आता मी सांगितली तर खोटी ठरत होती.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "ताई, ते माझ्या आईचं आहे." एवढंच बोलायला मला दीड वर्ष लागलं होतं. ताई यंत्राची जाळी पुसत होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. पण तुझ्या आईला स्टेजवर कोण बोलावणार? माझ्या तोंडून निदान लोकांनी ऐकलं तरी." मी म्हटलं, मग तिच्या नावानं सांगा. त्यावर त्या जाळी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि माझं काय सांगू? मुलाला तर पाठ आहे ते, मीठ दे, चटणी दे. त्याला वाटतं त्याची आई कुणी बोलावं अशी बाईच नव्हती. आता तो फोन करून विचारतो, आई, तू माझ्यासाठी एवढं केलं? मी त्याला नाही कशी म्हणू?"

मला त्या वेळी त्यांची दया आली नाही. आता येते, पण आता येऊन काय उपयोग. मी महिन्याभरात काम सोडलं.

एक गोष्ट मात्र मला आजही गिळता येत नाही. मी असतानाच ताईंनी शेडमध्ये एक कोपरा रिकामा करून तिथं पाळणे लावले. तान्ह्या मुलांच्या आयांना मिरचीला हात लावू द्यायचा नाही, त्यांनी धने आणि हळदच भरायची, हा नियम केला. पाळण्याजवळ स्वतः जाऊन बसायच्या. एखादी बाई मुलाला पाजत असली की कामावरून कुणी हाक मारलेली त्यांना चालायची नाही. आधी हे काहीच नव्हतं. चोरलेल्या गोष्टीनं ती बाई खरोखर बदलली. सोसलेली असती तर जशी झाली असती, तशी झाली. ज्या बायांची मुलं त्या पाळण्यांत निजली, त्यांना जाऊन मी काय सांगणार होते?

पुढे मी दुसऱ्या एका मसाला कंपनीत माल तपासायच्या कामाला लागले, लग्न झालं, नागपुरातच राहिले. ताईंचा फोन दर हंगामाला यायचा. यंदा भिवापुरी मिरची कशी आहे, विचारायच्या. मी सांगायची. त्या म्हणायच्या, "तुझ्या कानाला माझा नमस्कार सांग." दोघीही त्याच्या पलीकडे जायचो नाही. मग गेल्या हिवाळ्यात फोन आला तो त्यांच्या मुलाचा. ताई गेल्या. चार दिवसांचा न्यूमोनिया झाला एवढंच. त्यानं सांगितलं, की शोकसभा आहे आणि तुम्ही बोलायला हवं, आई तुमचं नाव नेहमी घ्यायची.

आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. मी म्हटलं, तू घरी थांब. ती ऐकेना. त्या बाईनं तुले आजारपणात पाहिलं, मले पलंगावर बसवलं, मी जाईनच, म्हणाली. आईनं ताईंचं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. तिच्या साध्या फोनमध्ये व्हिडिओ दिसत नाही. मला भीती वाटली, आणि त्याच वेळी वाटलं की बरंच आहे, आज आई समोर असताना सांगून टाकू. ताई नाहीत, आता कुणाचं बिघडणार आहे. मी रात्रभर मनात जुळवाजुळव केली. ती भिवापूरची बाई इथं बसली आहे, असं म्हणायचं आणि आईकडे हात करायचा. माझ्या मनात ते वाक्य एकदम तयार होतं.

शोकसभेला सगळी शेड माणसांनी भरली होती. वखारवालेही आले होते. मुलगा आधी बोलला. तिशी उलटलेला, जाडसर, चष्मेवाला माणूस. म्हणाला, की आमच्या घरात लहानपणी फार शांतता असायची आणि मला वाटायचं आईचंच काहीतरी चुकलं असेल. मी आईला कमी लेखलं. मोठेपणी तिचं भाषण ऐकलं तेव्हा कळलं, की या बाईनं मला वाढवायला काय सोसलं. "ती मला हातात घेऊ शकत नव्हती," तो म्हणाला, "हात पाठीमागे धरून मला दूध पाजायची." मग त्याला पुढं बोलता येईना. त्यानं चष्मा काढला आणि लहान मुलासारखा बाहीनं डोळे पुसत उभा राहिला. कुणीतरी त्याला पाणी दिलं.

माझ्या शेजारी आई बसलेली होती. ती हलली नाही. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते.

माझं नाव पुकारलं. मी गेले. माईक हातात घेतला तेव्हा मुलगा अगदी समोर, पहिल्या खुर्चीवर, लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता. त्याच्या मागे पाळण्यांतल्या मुलांच्या आया बसल्या होत्या. मी इतवारीतला किस्सा सांगितला, मिरचीला फोन लावल्याचा. लोक रडता रडता हसले. टायफॉइडचं सांगितलं. ताईंनी मला उभं केलं, असं म्हटलं. ते खरंच होतं. मग मी ताईंच्या फोटोला हात जोडले आणि येऊन आईजवळ बसले. आपण मोठं मन दाखवलं, असं मला त्या क्षणी वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

सभा संपल्यावर आम्ही फाटकाबाहेर रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिलो. आई म्हणाली, "तो पोरगा बोलला ते माह्यं होतं."

मी म्हटलं, हो.

"तुले मालूम होतं?"

मी म्हटलं, मालूम होतं, लय वर्षांपासून.

"मंग तुह्या हाती माईक होता. तू काहून नाही सांगतलं?"

मी सांगायला लागले. की त्याची आई नुकतीच गेली आहे, त्याच्याजवळ तेवढंच आहे, भरल्या सभेत त्याचं ते काढून घेणं बरं दिसलं नसतं, आणि ताईंनी पुढं बायांसाठी किती केलं. मी बराच वेळ बोलत होते. आई ऐकत होती. माझी समजूत होती की माझी आई हे ऐकून म्हणेल, जाऊ दे बाई, त्याच्यात काय. आयुष्यभर ती प्रत्येक गोष्टीला तेच म्हणत आली होती.

रिक्षा थांबली. मी पत्ता सांगितला. आई आत चढून बसली, चष्मा नीट केला.

"त्या बाईले कोणी सांगतलं होतं?" तिनं विचारलं.

मी दाराची दांडी धरून बाहेरच उभी होते. रिक्षावाला म्हणाला, बसा ना मॅडम, मागून गाडी येऊन राहिली.

"मी तं तुलेच सांगतलं होतं," आई म्हणाली. "तुह्या बापालेबी नाही."